वरच्या फळीवरचे जाड खंड

साद,

सकाळी सव्वासहाला अब्बा उठताना पुस्तकांच्या कपाटाला धरायला गेले आणि कपाट पुढं झुकलं. मी खांदा लावला म्हणून ते वाचले. ज्या खिडकीला आपण कपाट दोरीनं बांधलं होतं, तिचा गजच चौकटीतून निघून आलाय. घरमालकांना पुन्हा फोन केला. "भिंतीला भोक पाडायचं असंल तर दुसरं घर बघा," एवढंच म्हणाले.

पुढच्या पायांखाली लाकडी पट्ट्या सारल्यात, म्हणजे कपाट भिंतीकडं रेलतं. जड पुस्तकं खालच्या फळीवर घेतली. पण सगळ्यात जड आहेत कुराणाच्या तफसीरचे, म्हणजे भाष्याचे खंड, आणि अब्बांनी ते परत वर नेऊन ठेवले. शेजारच्या तारामतीमावशी म्हणाल्या, "पाशाभाई, डोक्यात पडल्यावर वाचणार कोण?" तर म्हणतात, "अल्लाचं कलाम पायाशी ठेवून मी झोपू कसा, ते सांगा." टेबलावर ठेवू म्हटलं, तर टेबल पलंगाएवढंच उंच. तुला काही सुचलं तर बघ.

तेर गावाला जाणारी बस चुकली तर शाळेत खाडा पडेल, म्हणून निघाले. तू येईपर्यंत मावशी बसल्यात. अब्बांना पलंगाच्या दुसऱ्या बाजूनं उठवत जा. खंड मी पुन्हा खाली काढलेत आणि स्टूल गच्चीवर नेऊन ठेवलंय.

आत्ता आतून खुर्ची ओढल्याचा आवाज येतोय, आणि मावशी ओरडतायत, "पाशाभाई, न्हाय म्हटलं ना!"

शाहिस्ता