पाण्यात बुडवलेला बिट

मंगळवार, संध्याकाळ. लालबाग.

आयुष्यभर जाहिरातींचा मजकूर वेळेवर दिला, पण आजचं पत्रक दिल्यापासून चैन नाही. धाकटा भाऊ दिलीप वर्कशॉपमध्ये बोअरवेलच्या झिजलेल्या बिटांवर, म्हणजे खडक फोडणाऱ्या टोकांवर, कडक धातूचा थर चढवून देतो. पत्रक त्याच्याच नव्या गिऱ्हाइकांसाठी.

सकाळी गेलो, तर कारागिराने वेल्डिंग झालेला लालबुंद बिट सरळ पाण्याच्या पिंपात बुडवला. चर्र! तो आवाज अजून कानात आहे. अशाने थर तडकतो आणि खडकात तुकडे होऊन पडतो, हे मला दिलीपनेच शिकवलंय. बिट वाळूत पुरून सावकाश निवू द्यायचा.

"अरे, हे काय?"

"दादा, टेम्पो दारात उभाय. तू अक्षरं बघ ना, लोखंड मी बघतो."

मग मी पत्रकात मुद्दाम लिहिलं, 'आमचा प्रत्येक बिट वाळूत सावकाश निववूनच दिला जातो, म्हणून जास्त टिकतो.' वाटलं, वाचून ओशाळेल. निदान ओळ तरी खोडेल?

दिलीपने ती मोठ्याने वाचली. मागे पुन्हा चर्र झालं. त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"झकास, दादा! हेच पाहिजे होतं." आणि तिथूनच मजकूर छापायला पाठवला.

आता पिंपातल्या प्रत्येक बिटाबरोबर माझं वाक्य जाणार. भावाला खोटं पाडू? की गप्प बसू? छपाई थांबवावी म्हटलं, तर छापखान्याचा नंबरही दिलीपकडेच मागावा लागेल.