देवकार्यासाठी छोटा कॅमेरा

१० नोव्हेंबर, सोमवार
ठरलं. कॅमेरा घ्यायचा. छोटा, मुठीत मावणारा, रोजच्या वापराचा.
कारण लिहून ठेवते, म्हणजे पुढे मन कच्चं होणार नाही. गेल्या दत्तजयंतीला आमच्या भजनी मंडळाचा फ्लेक्स लागला. मध्यभागी मोठ्या जाऊबाई, रंगूबाई. हार्मोनियमसकट, पदर सावरून. मी खाली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढी. त्यात फ्लेक्सला सुतळी ओवायचं भोक नेमकं माझ्या कुंकवावर पाडलेलं. आठ दिवस मी चौकात कपाळातून लटकत होते. फोटो रंगूबाईनेच निवडले होते.
यंदा फ्लेक्सचे फोटो मी देणार, तसं मंडळात सांगून ठेवलंय. मनात राग अजिबात नाही. देवाचं काम आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार
ह्यांना सांगितलं. हे मिलिटरीतून रिटायर झालेत, पण प्रश्न विचारायची सवय गेली नाही. मोबाईलमध्ये कॅमेरा असताना दुसरा कशाला, म्हणाले.
मी शांतपणे समजावलं. एक, मंदिरात पाटी आहे : मोबाईल बंद ठेवावेत. कॅमेऱ्याबद्दल पाटीवर अक्षर नाही. दोन, मोबाईल उगारला की रंगूबाई लगेच मान वाकडी करून गोड हसते. तिला सावध न करता फोटो मिळाला पाहिजे.
हे म्हणाले, म्हणजे ॲम्बुश.
मी म्हटलं, भक्ती.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
उपास. पुण्याहून अपेक्षाचा फोन. आई, असले जुने छोटे कॅमेरे परत फॅशनमध्ये आलेत, कॉलेजची पोरं गळ्यात घालून फिरतात, म्हणाली. लेकीला आईचं कौतुक वाटलेलं प्रथमच ऐकलं.
माझ्या अटी : झूम भरपूर हवा (मी टाळकऱ्यांत मागे बसते, रंगूबाई पुढे). आवाज नको. रंग काळा, म्हणजे पूजेच्या पिशवीत दिसायचा नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सांगलीला जाऊन आले. मुक्काम बहिणीकडे, म्हणजे जेवणाचा खर्च वाचला. बहिणीनेच दुकान दाखवलं.
दुकानदार सज्जन. कशाचे फोटो काढायचे, विचारलं. देवाधर्माचे, म्हटलं.
पहिला कॅमेरा दाखवला. समोरचं माणूस हसलं की हा आपोआप फोटो काढतो, म्हणाला. मी म्हटलं, हसलेली नकोय.
दुसरा चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या काढून टाकतो. असला खोटेपणा देवाच्या कामाला चालायचा नाही, बाजूला ठेवा म्हटलं.
तिसरा, कुणाचे डोळे मिटले असतील तर तसं सांगतो. ते बंद करता येतं का, विचारलं.  दुकानदार म्हणाला, बाई, तीस वर्षं धंदा करतोय, हे कुणी विचारलं न्हवतं.
येतं बंद करता. तोच घेतला. वापरलेला आहे, पण झूम इतका की समोरच्या गच्चीवरच्या बाईच्या मंगळसूत्राचे मणी मोजता आले. किंमत हिशेबात ‘देवकार्य’ खाली टाकली.

१६ नोव्हेंबर, रविवार
सराव. तुळस, कुकर, ह्यांचं टक्कल. टक्कल फारच स्पष्ट आलं. हे घरातही टोपी घालून बसलेत.

२० नोव्हेंबर, गुरुवार
पहिलं भजन. कॅमेरा आरतीच्या ताटामागे धरला. सतरा फोटो. सगळ्यांत रंगूबाई बरी दिसते. एकात तर खूपच बरी. तो लगेच पुसला.
टाळ चुकला म्हणून मंडळातल्या तानुबाई ओरडल्या : आगं शालन, ध्यान कुठं हाय तुजं? म्हटलं, देवाकडे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. लक्ष्मी पावली!
अभंग लांबला, रंगूबाई पेटीवर पेंगायला लागली आणि तिने जांभई दिली. साधीसुधी नाही. डोळे घट्ट मिटलेले, मान मागे, जबडा इतका उघडा की सोन्याची दाढ दिसते. मी पूर्ण झूम केला.
घरी येऊन देवापुढे साखर ठेवली. ह्यांना फोटो दाखवला. वहिनीला असं चौकात टांगणार व्हय तू, म्हणाले. मी म्हटलं, देव टांगणार, मी फक्त फोटो देणार.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
आता माझा फोटो. पैठणी नेसले, नथ घातली, अंगणात उभी राहिले. ह्यांनी ‘सावधान’ म्हणून बटण दाबलं. झूम तसाच राहिला होता. फोटोत माझा फक्त डावा खांदा आणि त्यामागे शेजारच्यांची मोटारसायकल आली आहे. नंबरप्लेटसकट.
परत काढा म्हटलं तर हे ऊस बघायला निघून गेले. उद्या काढू.

२९ नोव्हेंबर, शनिवार
फ्लेक्सवाला शंभूराज सकाळीच दारात. काकी, आजच प्रिंट मारायचीय, कॅमेऱ्यातलं कार्ड द्या.
जांभई त्याला नीट दाखवली. हाच आणि मोठा, बजावलं.  तो म्हणाला, काकी, तुमी लय पोचलेल्या हाय. घाईत माझ्या फोटोचं राहिलंच. असू दे. मी चौकात उभी राहून लोकांची तोंडं बघणार आहे. मला फ्लेक्सवर राहायला वेळ कुठे आहे?

२ डिसेंबर, मंगळवार
फ्लेक्स लागला. दहा फुटी. त्यातले आठ फूट रंगूबाई.
मी पिशवी घेऊन समोर उभी राहिले. पहिल्या तानुबाई आल्या. बघितलं. चपला काढल्या. हात जोडले.
मी म्हटलं, काय झालं?
म्हणाल्या, बघ की गं, कशी देवात इरघळलीया. आलाप घेताना जगाचं भान न्हाई बाईला.
मी म्हटलं, आवं, ती जांभई हाय.
तानुबाई म्हणाल्या, दत्ताच्या दारात असं बोलू नगं. जळतीस हे समद्या गावाला म्हाईत हाय, पर इतकं?
दुपारपर्यंत फ्लेक्सला तीन हार. एकाने रंगूबाईच्या कपाळाला बुक्का लावला, स्टूल आणून.
खाली बारीक अक्षरांत : छायाचित्रे – भजनरत्न सौ. रंगूबाई यांच्या जाऊबाई.
शंभूराजला गाठलं, कार्ड परत घेतलं. तो म्हणाला, काकी, तुमचं नाव कुणाला आठवंना, म्हनून सगळ्यांना कळंल असं लिवलं.
संध्याकाळी रंगूबाई स्वतः पेढे घेऊन आली. डोळ्यांत पाणी. शालन, मला उगं वाटायचं तू माझ्यावर खार खातीस, म्हणाली. आता दर गुरुवारी माझे फोटो तूच काढायचे. डाव्या बाजूनं काढ, ती चांगली येते.
ती गेल्यावर कॅमेऱ्यातले सगळे फोटो पुन्हा पाहिले.
डावीच चांगली येते.