जोडपानाच्या घडीत

वाघोली, ४ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आजोबांस,
तनयाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मेसेज तुम्ही वाचत नाही, म्हणून हॉस्टेलवरून पत्र. तुमच्या कपाटातला तुमच्या संगीत मासिकाचा १९९७चा दिवाळी अंक न विचारता आणला आहे. रागावलात तरी तो सबमिशननंतरच परत मिळेल.

जुन्या मासिकाच्या एका जोडपानाचं विश्लेषण करायचं आहे. तुम्ही मांडलेलं बुवांच्या मैफलीचं पान मी घेतलं. फोटो दोन्ही पानांवर पसरलेला, खाली तीन स्तंभांत मुलाखत, मथळा बारीक आणि वर भरपूर मोकळी जागा. नजर थेट बुवांच्या उचललेल्या हातावर जाते. कॉम्प्युटर न वापरता हे कसं जमवलं, असं वर्गात सगळे विचारत होते.

खटकतं ते एकच. मागे तंबोऱ्यावर बसलेल्या बाईंचा चेहरा मधल्या घडीत गेलाय, अर्धा कान तेवढा दिसतो. आमच्या पूर्णिमा मॅडमना वाटतं, बुवांवरून लक्ष उडू नये म्हणून तो मुद्दाम घालवला. तसंच लिहू ना? महिनाअखेरीस द्यायचं आहे.

लोभ आहेच, तो माझ्या मार्कांवर अवलंबून नसावा.
तनया

वारजे, ९ ऑगस्ट २०२५

चि. तनयास,
अनेक आशीर्वाद.

अंक तूच नेलास हे कळलं होतं. कपाट उघडं टाकून जाण्याइतका चोर निष्काळजी नसतो.

मुद्दाम असं लिहू नकोस. त्या बाई म्हणजे माझी धाकटी बहीण, तुझी कुसुमआजी. बुवांकडे ती चौदा वर्षं शिकली आणि तिचा छापून आलेला फोटो हा एवढाच. संपादकांना नुसते बुवा हवे होते. कुसुम राहावी म्हणून मी भांडून फोटो दोन पानांवर घेतला. आमचा एरवीचा अंक पातळ. पिना मधोमध, पान पूर्ण उघडायचं. दिवाळी अंक जाड, त्याला पिना कडेने मारायच्या, आणि दोन्ही पानांची बोटभर पट्टी आत जायची. वीस वर्षं हेच काम करून मी नेमकं ते विसरलो. छपाईआधी पानं चिकटवताना तक्त्यावर कुसुम छान दिसत होती.

अंक पाहून ती काही बोलली नाही. भाऊबीजेला ओवाळून गेली, पण त्यानंतर माझ्यासमोर कधी गायली नाही. आधी मला बोलायची लाज वाटली, मग उशीर झाला, मग कान गेले. बहिणीचं गाणं मी माझ्या हाताने घालवलं, याचं वाईट रोज वाटतं. या पत्राची नक्कल तिला धायरीला पाठवतो आहे. तू मांडणाऱ्याची चूक असं स्वच्छ लिही.

हे वाचून आजोबांवरची माया पातळ करू नकोस.
यज्ञेश्वर

धायरी, १३ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
कुसुमचा सा. न.

नक्कल पोचली. तुझं अक्षर अजून चांगलं आहे, अक्कल मात्र सावकाश येते.

अंक आला त्याच दुपारी मी पिना उपसल्या आणि दोन्ही पानं शेजारी मांडली. मी सबंध होते, नाकातल्या चमकीसकट. संपादकांशी भांडलास हे ठाऊक नव्हतं, पण तू मला कापलं नाहीस एवढं कळलं. राग फोटोचा नव्हताच. चुकलं, एवढं तू म्हणशील म्हणून मी थांबले. तू बोलला नाहीस आणि मीही हट्टाला पेटले. तुझे कान जाताहेत असं समजलं तेव्हा रात्रभर रडले, तरी उठून तुझ्याकडे आले नाही. आपण दोघंही मूर्ख.

चोवीस तारखेच्या रविवारी सकाळी तनयाला घेऊन ये. कानाचं यंत्र लाव. तेही चाललं नाही तर तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हात ठेवून बस. मी गाणार आहे.

माया होती तेवढी आहे, ती घ्यायला ये.
तुझी कुसुम