घागरीवरचं नाव

मुडबी, १२ नोव्हेंबर १९७९

चि. कलास आईचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

अंगणातून चोरीला गेलेली आपली तांब्याची घागर सापडली. आपल्या तालुक्याला, कल्याणच्या बाजारात एका मोडभांडीवाल्याकडे निघाली. काठाचा पोचा, बुडाचं ठिगळ, सगळं आपलंच. फक्त गळ्याजवळचं नाव कानशीनं घासून टाकलंय. दुकानदार म्हणतो, घागर माझ्या आजोबाची.

ठाण्यात जमादार अमृतप्पांनी विचारलं, नाव काय होतं? मी म्हणाले, कलाच्या वडिलांचं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच. दुकानदार हसत सुटला, म्हणे वडील सगळ्यांनाच असतात. शेजारची नागम्मा म्हणाली, आता कामून लाजायलीस? लाज नाही गं. उभ्या जन्मात घेतलं नाही, तोंडाला वळणच नाही.

विहिरीला पाणी लागलं त्या वर्षी तुझ्या बाबांनी ही घागर आणली. ठोके मारून नाव घालून घेतलं आणि म्हणाले, “तू तर नाव घेत न्हाईस, घागर तरी घेईल.” ते गेल्यावरही पाणी भरताना रोज बोट त्यावरून जायचं. घागर दुसरी मिळेल, हे कुठून आणू?

घागर आता तपासाला तुमच्याच पोलिसी प्रयोगशाळेत येणार आहे. घासलेलं नाव तिथं परत येतं म्हणतात, खरं का? भाताला कंटाळली असशील तर कळव, पीठ पाठवते.

तुझी आई


बंगलोर, २१ नोव्हेंबर १९७९

ती. आईस कलाचा सविनय जयभीम. वि. वि.

नाव येतं, पण ती जादू नाही. ठोक्यानं वरच्याबरोबर खालचं तांबंही दबतं. कानस वरचं नेते, खालचं दबलेलं राहतं. त्यावर औषध लावलं की तेवढी जागा वेगळी दिसते आणि अक्षरं उठतात. मोटारींचे खोडलेले नंबर आम्ही असेच वाचतो. आपली घागर मात्र मला बघायलाही मिळणार नाही. घरची वस्तू म्हणून साहेबांनी मला त्या खोलीबाहेर काढलंय. मी फुटक्या काचा जुळवत बसलेय.

अडचण तुझ्याकडेच आहे. तपासाआधी तू नाव सांगायला हवं. नंतर सांगितलंस तर दुकानदार म्हणेल, वाचून सांगितलं. आधी तू, मग घागर. दोघींचं जुळलं तरच पुरावा. तोंडानं होत नसेल तर लिहून दे. बाबा असते तर किती हसले असते.

पीठ ज्वारीचं पाठव. माया आहे तशीच राहू दे.

तुझी कला


मुडबी, २९ नोव्हेंबर १९७९

चि. कलास आशीर्वाद.

ठाण्यात लिहूनच देणार होते. पेन हातात घेतलं, मग वाटलं, हे चोरून घेतल्यासारखं होईल. नागम्माला बाहेर उभं केलं, जमादारांना खिडकीकडे बघायला सांगितलं आणि घेतलं. जमादारांना ऐकूच गेलं नाही. नागम्मा बाहेरून म्हणाली, मला आलं की ऐकू. मग मोठ्यानं घ्यावं लागलं. घरी येईपर्यंत कान गरम होते.

तुझी आई


मुडबी, ८ मे १९८०

चि. कलास अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

काल कल्याणच्या कोर्टात आधी माझा जबाब वाचला, मग तुमचा कागद. जुळलं. दुकानदाराची मान खाली गेली. नागम्मा आल्यापासून गावभर सांगत फिरायलीय, जसं काही तिनंच औषध लावलं.

घागर घरी आली. अक्षरं पुसट आहेत, पाण्यातून दिसावीत तशी. तिथं चिंच लावत नाही, तरी जमादार म्हणाले, हळूहळू जातील. आज सकाळी पाणी भरताना बोट फिरवलं. डोळ्याला दिसतं, बोटाला काही लागत नाही. मग विहिरीत वाकून मोठ्यानं नाव घेतलं. आतून परत आलं, माझ्यापेक्षा जाड आवाजात.

भीमण्णा मामा बंगलोरला निघालेत, त्यांच्याकडे पीठ दिलंय. वेळेवर जेव, आणि आईला असंच छळत राहा.

तुझी आई,
राजूबाई अंबाजी