लिनच्या गावाची चार नावं

१२ सप्टेंबर १९९८, शनिवार
ऑफिसात शेजारच्या टेबलावर नवी मुलगी. लिन, चिनी. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातली धूळ बघून पहिल्याच दिवशी तोंड वाकडं. माझंही झालं होतं. शिपिंगची कागदपत्रं आता दोघींनी करायची. शांघाय, निंगबो, टिआनजिन टाइप करून बोटं झिजली माझी, पण अर्थ विचारावा असं कधी सुचलं नाही. आज विचारला. शांघाय म्हणजे समुद्रावरचं. निंगबो म्हणजे शांत लाटा, समुद्राने खवळू नये म्हणून ठेवलेलं. टिआनजिनपाशी कुणी राजपुत्र नदी ओलांडून लढाईला गेला, पुढे सम्राट झाला, म्हणून ते 'सम्राटाचा उतार', सम्राटाने नदी पार केली ती जागा. दिवस बरा गेला.

१३ सप्टेंबर १९९९, सोमवार. गणेश चतुर्थी
सुट्टी कुठली. पहाटे पूजा उरकून ऑफिस. लिनसाठी मोदक नेले. "गोड डंपलिंग," म्हणाली आणि तीन खाल्ले. आज बीजिंग. उत्तरेची राजधानी. मध्ये राजधानी नानजिंगला गेली तेव्हा बीजिंगचं नाव बदलून 'उत्तरेची शांती' केलं. मान गेला की नावातूनही काढून घेतात, पेन्शन बंद करावी तसं. मग मी नाशिक सांगितलं. शूर्पणखेचं नाक कापलं ती जागा. लिन घास हातात धरून बघतच राहिली. "तुमच्या लोकांना दुसरं काही सुचलं नाही?"
हसून हसून ठसका. घरी सांगितलं तर गार्गी म्हणते, "आई, दॅट्स सो ग्रॉस." हिचं आजोळ आहे ते.

७ सप्टेंबर २००२, शनिवार
लिन गप्प गप्प. खोदून विचारलं तेव्हा बोलली. यांगत्झेकाठचं तिचं गाव, फंगजिये, धरणाखाली जाणार. वर डोंगरात नवं बांधलंय, नाव तेच. घरं पाडायला कधीच सुरुवात झालीय. आई नव्या गावात गेली. वडील जुन्या घरातून हलत नाहीत. नोव्हेंबरात जायचं म्हणते, घर उभं आहे तोवर.
मला कोयनेच्या पाण्याखाली गेलेली गावं आठवली. तिला नाही बोलले.

५ ऑक्टोबर, शनिवार
दादाचा नाशिकहून फोन. बंगला विकला. दिवाळीनंतर ताबा द्यायचा. "शेवटची दिवाळी घरात करू, तू ये." माझी रजा मंजूर आहेच, नशीब. रात्रभर अंगणातला हौद, त्यावरची शेवाळ, बाबांची आरामखुर्ची. आई-बाबा गेल्यावर त्या घरात माझं असं काय राहिलं होतं? तरी जीव तुटतो.

८ ऑक्टोबर, मंगळवार
झालं. मॅनेजर म्हणतो, डॉक्युमेंटेशनमधून एका वेळी एकीलाच रजा. त्यात नोव्हेंबरात रमजान, कामाचे तास कमी. "तुम दोनों आपस में तय करो, खलास." लिनने जेवताना विचारलं, तुझी रजा मला देशील का. मी सरळ नाही म्हटलं. का म्हणून द्यायची? माझी रजा आधी मंजूर झालीय. ती 'ओके' म्हणाली आणि डबा बंद केला. अर्धा तसाच होता.
संताप आला. तिचाही, माझाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
ह्यांना सांगितलं. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तुझ्या घरात उद्या दुसरं कुणी राहील. तिच्या घरात पाणी राहणार." ह्यांना काय जातंय बोलायला. दुपारी चहा दिला नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार
आठवडाभर कामापुरतंच बोलणं. आज मलाच राहवलं नाही. तुझ्या गावाचं नाव राहिलंय सांगायचं, म्हटलं. तिने कागद बाजूला सारले. आजोबांकडून ऐकलेलं सांगितलं. सगळ्यात जुनं नाव, मासे परततात ते ठिकाण. मग लढाई हरलेला एक राजा तिथे आला, त्याने नाव ठेवलं चिरशांती, आणि तिथेच मेला. मग कुणी 'माणसं परततात' केलं. शेवटी फंगजिये. एका मंत्र्याने त्या मेलेल्या राजाला दिलेला शब्द शेवटपर्यंत पाळला, त्याच्या निष्ठेवरून. सांगताना रडली नाही. मीच बाथरूममध्ये जाऊन आले.
परत येऊन म्हटलं, जा तू. माझी रजा घे.

१६ ऑक्टोबर, बुधवार
दादाला फोन. "तुला ऑफिसच मोठं," म्हणाला. फोनचं कार्ड संपलं, की त्याने ठेवला, कळलं नाही. फार लागलं.

४ नोव्हेंबर, सोमवार. लक्ष्मीपूजन
लिन गुरुवारी गेली. बाल्कनीत पणत्या. वाऱ्याने दोनदा विझल्या, मग नाही लावल्या. नाशिकला आत्ता उंबरठ्यावर रांगोळी असेल. चकल्या बऱ्या झाल्या. खाववत नाहीत.

१० नोव्हेंबर, रविवार
दादाचाच फोन, आपणहून. घेणाऱ्याचे बँकेचे कागद अडकलेत, ताबा पंचवीस तारखेला. "अजून वेळ आहे, येतेस का?" आवाज मऊ होता. लिन सोळाला हजर होणार. मी सतराला निघू शकते! तिकीट साडेआठशे दिरहम, म्हणजे अकरा हजारांच्या आत नाही. जाऊ दे. हे म्हणाले, "यल्ला, चल, बुक कर." बॅग काढून पुसली. इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
ऑफिसात लिनचा फोन, मॅनेजरच्या टेबलावर. घराची दारं-खिडक्या निघाल्यात. वडील एकटेच भिंत फोडून चांगल्या विटा वेगळ्या करतायत, वर न्यायला. तिला मदतीला अजून दहा दिवस हवेत. "मॅडम हो म्हणाल्या तर माझी हरकत नाही," म्हणून मॅनेजरने रिसीव्हर माझ्या हातात दिला. फोनवर लिनच्या पाठीमागे हातोड्याचे घाव, मध्येच कुणी खोकलं. म्हातारा माणूस असावा.
काय बोलायचं ठरवून बसले होते, सगळं विसरले. विचारलं, "जेवलीस का?"
"नाही अजून."
"आणि बाबा?"
"तेही नाहीत."
आधी दोघं जेवा, म्हटलं. बाकीचं शनिवारी सांगते.
बॅग पलंगावर अर्धी भरलेली आहे. दादाने संध्याकाळी विचारलं, कुठली फ्लाइट. मी म्हटलं, शनिवारी सांगते.