वरच्या मजल्याकडे जाणारा बाण

आदरणीय दाजी,

तुमच्या धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार (वाकताना तोल गेला नाही, याची नोंद घ्यावी). तब्येत कशी आहे? ताई म्हणते उत्तम. पण ती हे ज्या आवाजात म्हणते, तो आवाज मी लहानपणापासून ओळखतो. दोन गल्ल्या पलीकडे राहणारा माणूस पत्र कशाला पाठवतो, असं तुम्हाला वाटेल. पण हा विषय निघाला की तुमच्या फोनची नेमकी रेंज जाते, आणि समोर बसलो की तुम्हाला झोप येते. पत्र मात्र मध्येच तुटत नाही.

ताईने तुम्हाला त्या दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला जायला सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणालात म्हणे, की माझी तयारी आहे, पण जागाच सापडत नाही. दाजी, मी हसलो नाही. मलाही सापडली नव्हती. दवाखान्याच्या पाटीचा किस्सा तुम्हाला ठाऊकच आहे. मी रंगवायला घेतली आणि डॉक्टरांचं नाव दारापासून निघून गटाराकडे उतरत गेलं (पेशंट पाटी बघूनच परत जातात, असं डॉक्टर म्हणाले). पाट्या रंगवणाऱ्याचा हात थरथरायला लागला की संपलंच. बायको भांडली असती तर बरं होतं. ती गप्प झाली. मग हेल्पलाइनला फोन केला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, वाचनालयामागची इमारत, गुरुवारी संध्याकाळी, आणि बाहेर पाटी नाही बरं का. आता जन्मभर पाट्यांवर पोट भरणाऱ्याने पाटी नसलेली जागा शोधायची तरी कशी? औषधवाल्याला विचारलं, इथे गुरुवारी लोक जमतात ते कुठे? तो म्हणाला, कसले लोक? मी म्हटलं, चांगले लोक. त्याने समोरच्या इमारतीच्या तळमजल्याकडे बोट दाखवलं.

आत खुर्च्या गोल मांडलेल्या, कोपऱ्यात चहाची किटली. सगळ्यांनी हसून जागा करून दिली. कोणी नाव विचारलं नाही, का आलात तेही नाही. या बैठका अशाच असतात, असं मी ऐकून होतो. फक्त एका आजींनी माझ्या हातात दोन सुया आणि लोकरीचा गुंडा ठेवला. म्हटलं, असेल बुवा नवी पद्धत. हात गुंतले की बाटली कोण धरणार? गुरुवारमागून गुरुवार जात राहिलो. आधी टाके सुटायचे, मग सुटेनासे झाले. मफलर चांगला वीतभर झाला. शुक्रवारी मात्र पाय जुन्या वाटेला वळायचे, खोटं कशाला सांगू.

शेवटी वाटलं, आता तोंड उघडायलाच हवं. उभा राहिलो आणि आरशासमोर घोकलेलं सगळं धडाधड म्हणून टाकलं, की मी दारूच्या पार आहारी गेलोय, एकट्याने सुटत नाही, मला मदत करा. सुयांचा आवाज थांबला. आजींनी चष्मा कपाळावर चढवला.

"अहो, ते वरच्या मजल्यावर," त्या म्हणाल्या. "पण एवढी ओळ पुरी करून जा. अर्धवट सोडलं की उसवतं."

पुरी केली. मग गुडघे धरत त्या मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या आणि पहिल्या पायरीशी हळूच म्हणाल्या, माझा थोरला वरच असतो, त्याला सांगा, जाताना मला घेऊन जा. दाजी, तो जिना मी रडत चढलो, आणि लाज वाटली नाही.

वर दार उघडलं ते त्या थोरल्यानेच. निवृत्त बसचालक, आवाज अजूनही शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा. तिथे एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात, मध्येच कोणी अक्कल शिकवत नाही (आपल्या घराण्यात हे कुणाला जमलेलं नाही). तेव्हापासून घेतलेली नाही. शुक्रवारी जीव कासावीस झाला की बसचालकांना फोन करतो. ते जुन्या प्रवाशांचे किस्से सुरू करतात, ते इतके लांबतात की तोवर दारूचं दुकान बंद होतं.

मी उपकार फेडावेत म्हणून म्हटलं, फुकट पाटी रंगवून देतो, सोनेरी अक्षरं, मागे सावली देऊन. सगळे हादरले. अशा पाटीखालून आत शिरायला कोण धजेल? बरीच घासाघीस होऊन नुसता बाण ठरला. निळा, शब्द एकही नाही. पण दाजी, रेघ सरळ आली, फूटपट्टी न लावता. बायको बघायला आली आणि म्हणाली, आता घरचं फाटकही रंगवून टाका. बोलली, दाजी.

मुलांना पापा. काळजी घ्या.

आपला,
मेहुणा

ता. क. निळा रंग उरला होता, म्हणून आणखी काही बाण काढले. वाचनालयाच्या कोपऱ्यावर, औषधवाल्याच्या भिंतीवर, असे मागे मागे येत पहिला बाण तुमच्या घरासमोरच्या खांबावर आलाय. तेव्हा जागा सापडत नाही, हे आता चालायचं नाही. येत्या गुरुवारी मी शेवटच्या बाणाखाली उभा आहे. मला तुमची फार काळजी वाटते, आणि हे समोर बसून बोलता येत नाही. चुकून तळमजल्यावर शिरलात तरी हरकत नाही. आजींनी तुमच्यासाठी सुया काढून ठेवल्यात.

आणखी एक. बाण पुसायच्या भानगडीत पडू नका. ऑइल पेंट आहे. घरातलं टर्पेंटाइन ताईने लपवलंय, आणि खांबाशी शिडी तिनेच धरली होती.