कंदिलापाशी धरलेलं रक्त

अकोला, मंगळवार, पौष वद्य पंचमी

संताप अजून उतरत नाही. फुलं विकणारी सखू, सातवा महिना, आज दवाखान्यातच चक्कर येऊन पडली. तिच्या बोटातलं थेंबभर रक्त टिपकागदावर घेऊन मी खिडकीत रंगपट्टीशी ताडून पाहिलं. फिकट. रक्तात लोह फारच कमी. डॉक्टरांनी मात्र खुर्चीत बसूनच कागद कंदिलापाशी धरला. "चांगलं लाल आहे, नर्सबाई. घरी पाठवा."

कंदिलाच्या तांबूस उजेडात कुणाचंही रक्त लालच दिसेल! एवढं कळत नाही? की मी सांगितलेलं ऐकायचंच नाही?

सखू उठलीच होती. "जातो बाई, कळ्या तोडाच्या रायल्या."

मी दुसरा थेंब घेतला. "साहेब, खिडकीशी या," सगळ्यांसमोर म्हटलं. आले, पाहिलं, "दाखल करा" म्हणाले. सखूला खाट मिळाली. मला तंबी: "चारचौघांत पुन्हा असं बोलायचं नाही."

बोलेन.